आरोग्याची पत्रपेटी : पाणी किती, कधी आणि कोणते?

पाण्याविषयीची पत्रे या सदराकडे वर्षभर येतात. मार्च उजाडला की ती वाढतात आणि जूनमध्ये त्यांचा रोख बदलतो. उन्हाळ्यात वाचक विचारतात ते पाणी किती प्यावे, आणि पावसाळ्यात विचारतात ते कोणते प्यावे. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या अशा काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत, आणि प्रश्न प्रकृतीचे असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मासुंदा तलावाभोवती रोज सकाळी फिरायला येणारे आम्ही काही निवृत्त लोक आहोत. पाण्याच्या प्रमाणावरून आमच्यात नेहमी वाद होतो. एकाच्या मते दिवसाला आठ पेले पुरेत, दुसऱ्याच्या मते चार लिटर हवेत, आणि तिसरे गृहस्थ पहाटे उपाशीपोटी तांब्याभर पाणी प्यायल्याने शरीरातील विषारी द्रव्ये धुऊन निघतात, असे छातीठोकपणे सांगतात. यात खरे काय?
— निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा पाण्याचा एकच आकडा नाही, त्यामुळे आपल्या कट्ट्यावरचा वाद मिटणे कठीण आहे. पाण्याची गरज वजन, काम, हवा, आहार आणि आजार यांप्रमाणे बदलते. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यातले सुमारे २८ लिटर पेशींच्या आत असते, उरलेले पेशींच्या बाहेर असते, आणि रक्तातील द्रव भागाच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, वाट्याला जेमतेम ३ लिटर येते. पेशींना प्राणवायू आणि साखर पोहोचवणे, त्यांच्याकडून निघालेला कचरा मूत्रपिंडांपर्यंत नेणे आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत आणणे ही सगळी कामे या एवढ्याशा द्रवावर चालत असल्यामुळे शरीर त्याची राखण फार काटेकोरपणे करते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तेथील पेशी रक्ताचा दाटपणा अखंड मोजत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी वाढला, तरी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, लघवी कमी आणि गडद होते, आणि आपल्याला तहान लागते. जास्त पाणी प्यायले, की हाच क्रम उलटा चालतो आणि तासा-दोन तासांत जादा पाणी बाहेर पडते.

विषारी द्रव्ये धुऊन काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे पाहतात. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सगळा रक्तात परत घेतात. युरियासारखे टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावी लागते. त्याच्या दुप्पट-तिप्पट झाली तर उत्तमच, पण त्यापुढे घशाखाली उतरवलेला प्रत्येक तांब्या लघवी फक्त पातळ करतो, अधिक काही धुऊन नेत नाही. आपल्या मित्रांना पहाटेच्या पाण्याने पोट साफ होत असेल, तर त्यांनी ते अवश्य प्यावे; त्यात अपाय नाही.

आठ पेल्यांचे मूळ बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. तेथील अन्न आणि पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी सुचवले होते, आणि लगेच पुढे म्हटले होते की यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोडून दिले. हाइन्झ व्हॅल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने या आठ पेल्यांचा शास्त्रीय आधार शोधून पाहिला, तेव्हा निरोगी माणसासाठी तसा आधार सापडत नाही, असे त्याने २००२ मध्ये लिहिले. अमेरिकेच्या २००४ सालच्या शिफारशीत पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर हे आकडे आहेत, युरोपच्या २०१० सालच्या शिफारशीत ते अनुक्रमे अडीच आणि दोन लिटर आहेत. दोन्हीकडे हे आकडे अन्नातले पाणी धरून दिलेले आहेत. शिजलेल्या भातात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश पाणी असते. आमटी, ताक, काकडी आणि कलिंगड यांत त्याहूनही पुष्कळ. चहाही पाण्यातच मोजावा, कारण नेहमीच्या दोन-तीन कपांतून मिळणारे पाणी त्याने वाढणाऱ्या लघवीपेक्षा कितीतरी जास्त असते.

थोडक्यात, निरोगी प्रौढाने तहान लागेल तेव्हा प्यावे, लघवीचा रंग फिकट पिवळा राहतो आहे ना, हे पाहावे आणि पेले मोजणे सोडून द्यावे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असल्या, तर मात्र रंगावर विसंबू नये, कारण त्यांनी लघवी गर्द पिवळी होते. आपण सारे ज्येष्ठ असल्यामुळे याला एक पुरवणी जोडायला हवी; ती वाशीच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात भट्टीजवळ काम करतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पोटऱ्यांत गोळे येतात आणि डोके जड होते. पाळीत चार-पाच लिटर पाणी पितो, तरीही हेच. सुपरवायझर मिठाच्या गोळ्या घ्यायला सांगतात. घ्याव्यात का?
— एक कामगार, घणसोली

उत्तर : मिठाच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी मळमळ होते आणि पोटात गेलेले दाट मीठ पाणी आतड्याकडे ओढून घेते. पण सुपरवायझरांचा रोख योग्य दिशेने आहे, कारण आपल्या पत्रावरून पाण्याची भरपाई होते आहे आणि मिठाची होत नाही, असे दिसते.

त्वचेवरच्या एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. माणसाकडे स्वतःला थंड ठेवण्याचा याहून मोठा उपाय नाही. अट एवढीच, की घामाची वाफ झाली पाहिजे. खाडीलगतच्या आपल्या पट्ट्यात हवा दमट असल्यामुळे घाम सुकत नाही, तो कपडे भिजवतो आणि ठिबकून वाया जातो. शरीर थंड होत नाही, म्हणून आणखी घाम काढते. विदर्भातल्या कोरड्या ४२ अंशांतून आलेला माणूस ठाण्याच्या ३६ अंशांत हैराण होतो, ते यामुळेच. भट्टीजवळ काम करणाऱ्याला तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो, आणि लिटरभर घामातून साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ जाते. पाळीभर असा घाम गाळून त्याजागी केवळ साधे पाणी भरत राहिले, तर रक्तातील सोडियम उतरते. डोके जड होणे आणि स्नायूंत गोळे येणे यांमागे ते कारण असू शकते, जरी गोळे येण्याचे मूळ काही वेळा स्नायूंच्या थकव्यातही असते.

आपण पाणी एकदम न पिता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे, आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. पाळीच्या अधूनमधून मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा कोकम सरबत घ्यावे. घरून निघताना मिठाची भाताची पेज पिणे तर बाजारातल्या कोणत्याही रंगीत पेयापेक्षा सरस आहे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मात्र मीठ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. कारखान्यात वजनकाटा असेल, तर पाळीच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले, म्हणजे सुमारे एक लिटर पाणी कमी पडले. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट झाली, तर कामाचा वेग आणि लक्ष दोन्ही मंदावते, आणि भट्टीजवळ लक्ष मंदावणे परवडत नाही.

आणखी एक गोष्ट कारखान्यांनी लक्षात घ्यायला हवी, पण ती क्वचितच घेतली जाते. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. नव्या कामगाराला किंवा महिनाभर गावी राहून परतलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभे करणे म्हणूनच धोक्याचे आहे. उष्णतेचा धोका कारखान्यापुरताही मर्यादित नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर १४ जणांचे प्राण गेले, ही गोष्ट नवी मुंबईकरांना आठवत असेल. कोणी असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि मानेशी बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि फोर्टमधील कार्यालयात काम करते. सकाळी साडेसातला घर सोडावे लागते. स्थानकांवरची स्वच्छतागृहे वापरण्याजोगी नसतात, म्हणून मी दुपारपर्यंत पाणी पिणेच टाळते, आणि परतीच्या प्रवासाआधीही. वर्षभरात तीनदा लघवीचा संसर्ग होऊन प्रतिजैविके घ्यावी लागली. पाणी कमी पिण्याचा याच्याशी खरोखर संबंध आहे का?
— एक नोकरदार वाचक, कळवा

उत्तर : संबंध आहे, आणि तो तपासून पाहिलेलाही आहे. ज्या स्त्रियांना वर्षात तीन किंवा अधिक वेळा मूत्राशयाचा संसर्ग होत असे आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पीत असत, अशा १४० जणींवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्या जणींना रोजच्या सवयीपेक्षा दीड लिटर पाणी अधिक प्यायला सांगितले होते. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर पूर्वीप्रमाणे पिणाऱ्यांना ३.२ वेळा. औषधावाचून जवळजवळ निम्मी घट झाली, असा याचा अर्थ.

स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे गुदद्वाराजवळचे ई. कोलाय जिवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. ते तेथे पोहोचणे आपल्याला पूर्णपणे टाळता येत नाही. त्यांना तेथे ठाण मांडू न देणे मात्र हाती असते. दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामे झाले, की वाढू लागलेले जिवाणू वाहून जातात. लघवी कमी तयार झाली आणि तीही सहा-सात तास अडवून धरली, तर त्यांना वाढायला हवा तेवढा वेळ मिळतो.

हे सांगून आपल्याला अधिक पाणी प्या, एवढाच उपदेश करणे अन्यायाचे होईल, कारण आपली अडचण पाण्याची नसून स्वच्छतागृहाची आहे. लाखो स्त्रिया ज्या मार्गावर रोज ये-जा करतात, तेथे स्वच्छ आणि उघडे स्वच्छतागृह असणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो सुटेपर्यंत बाईने तहान मारावी, ही अपेक्षा मला मान्य नाही. तरीही तोवर वेळेची आखणी करून बराच त्रास टाळता येतो. एकदम बरेच पाणी प्यायले, तर लघवीचे प्रमाण अर्ध्या तासात वाढू लागते, पाऊण-एक तासात सर्वाधिक होते आणि दोनेक तासांत ओसरते. म्हणून उठल्याबरोबर, साडेपाच-सहाच्या सुमारास, दोन पेले पाणी प्यावे आणि घर सोडताना लघवीला जाऊन यावे. वाटेत तहान लागली, तर दोन-चार घोट घ्यायला हरकत नाही, कारण थोडे-थोडे प्यायलेले पाणी असा लोंढा आणत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर बाटली समोर ठेवून दुपारी चारपर्यंत लिटर-सव्वा लिटर संपवावी, दर तीन तासांनी, घाई वाटत नसली तरी, जाऊन यावे, आणि निघण्याआधीच्या तासाभरात पिणे आवरते घ्यावे. उरलेली भरपाई घरी पोहोचल्यावर करावी. ती झोपण्याच्या वेळेपर्यंत लांबवू नये, नाहीतर रात्रीची झोप मोडते.

जळजळ सुरू झाल्यावर नुसते पाणी पीत बसू नये. पुन्हा-पुन्हा संसर्ग होत असल्यामुळे प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची ती लक्षणे आहेत.

काही छोटे प्रश्न एकत्र घेतो.

कोपरखैरण्याच्या एका आजीबाईंनी विचारले आहे, की नात चार महिन्यांची आहे, उकाडा फार आहे, तर तिला चमच्याने पाणी द्यावे का. देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत तेवढे बाळाला पुरते. पाण्याने बाळाचे पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. उकाड्यात बाळाला पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात, आणि पाणी द्यायचे ते त्याच्या आईला.

जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात का, असे नेरूळहून विचारले आहे. प्यायलेले पाणी आणि लाळेपासून पित्तापर्यंतचे पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांतून जातो आणि त्यातला शंभर-दोनशे मिलिलिटर सोडून सगळा शोषला जातो. एवढ्या उलाढालीत जेवतानाच्या पेलाभर पाण्याने पचन बिघडत नाही. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी जेवणावर पोट तुडुंब होईल इतके पिऊ नये, एवढेच.

उभ्याने पाणी प्यायल्यास गुडघे दुखतात का? नाही. पाणी पोटात जाते, गुडघ्यात नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिच्यामुळे लघवी जास्त होते. पूर्वी त्या दिवसभरात जेमतेम तीन पेले पाणी प्यायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या एकाएकी भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या आणि रुग्णालयात पाणी कमी पडल्याचे निदान झाले. तेव्हापासून माझे पती त्यांना रोज मोजून साडेतीन लिटर पाणी प्यायला लावतात. आता त्यांना मळमळते आणि त्या सतत पेंगतात. आमचे काही चुकते आहे का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : सासूबाईंची रक्तातील सोडियमची तपासणी आज-उद्यातच करून घ्यावी, उत्तराचा उरलेला भाग मागाहून वाचला तरी चालेल. बोलण्यात पुन्हा असंबद्धता आली किंवा आकडी आली, तर थेट रुग्णालयात न्यावे.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता उतरते, आणि स्नायू घटल्यामुळे शरीरातील पाण्याचा साठाही तरुणपणी ६० टक्क्यांच्या आसपास असतो तो ५० टक्क्यांच्या घरात येतो. त्यात रात्री उठावे लागेल किंवा कोणाला तरी उठवावे लागेल, या संकोचाने अनेक ज्येष्ठ, विशेषतः घरातल्या वृद्ध स्त्रिया, जाणूनबुजून कमी पितात. गेल्या वर्षी झाले ते बहुधा अशाच कारणांनी. पण लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः थायझाइड गटातील, शरीरातील सोडियमही बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडांना जादा पाणी सोडू देत नाहीत. अशा गोळीवर असलेल्या वृद्धेला साडेतीन लिटर पाणी पाजले, तर रक्तातील सोडियम लिटरला १३५ मिलिमोल या खालच्या मर्यादेखाली जाऊ शकते. मळमळ, पेंग आणि गोंधळ ही त्याचीच लक्षणे असतात. पाणी कमी पडल्याची लक्षणेही बरीचशी अशीच दिसतात. म्हणून अंदाजाने पाणी वाढवण्या-कमी करण्यापेक्षा तपासणी करणे इष्ट.

गोळी मनाने बंद करू नये. तपासणीचा अहवाल दाखवून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. सर्वसाधारणपणे या वयात, हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असल्यास, पाणी, चहा, ताक, सार असे सगळे मिळून दीड ते दोन लिटर पुरते. सासूबाईंच्या हाताशी छोटे भांडे ठेवावे, गोळी घेताना, जेवताना आणि चहाच्या वेळी थोडे-थोडे द्यावे, आणि रात्रीची भीती जावी म्हणून दिवसाचा मोठा वाटा सायंकाळी सहाच्या आत संपवावा. नौपाड्याच्या वाचकांसाठी पुरवणी ती हीच, की साठी-पासष्टीनंतर केवळ तहानेवर विसंबू नये. हृदय निकामी होत असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना मात्र या सदरातले कोणतेही प्रमाण लागू नाही. त्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणीच औषधाइतके काटेकोर घ्यावे लागते.

प्रश्न : वय ३१, ऐरोलीत संगणक क्षेत्रात नोकरी. मूतखडा पडून गेला. पुन्हा होऊ नये म्हणून दूध आणि टोमॅटो बंद केले आहेत. मित्र बिअर सुचवतात.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दूध पुन्हा सुरू करा. आहारातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला, म्हणजे बहुतेक खड्यांत सापडणाऱ्या अन्नातल्या घटकाला, आतड्यातच बांधून ठेवते. ते तोडले, तर ऑक्झॅलेट अधिक शोषले जाते आणि खडा होण्याची शक्यता वाढते. टोमॅटो निर्दोष आहे. जपायचे ते पालकाच्या भाजीला आणि त्याहून अधिक मिठाला. बिअरने लघवी होते, पण तिच्यातले प्युरिन युरिक आम्ल वाढवते, तेव्हा मित्रांचा सल्ला मित्रांपाशीच राहू द्यावा. खरा उपाय पाण्याचा आहे, आणि त्याला चांगला पुरावा आहे. इटलीत पहिलाच खडा झालेल्या १९९ रुग्णांना पाच वर्षे पाहिले गेले. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे लक्ष्य प्यायलेल्या पाण्याचे नसून झालेल्या लघवीचे आहे, हे ध्यानात घ्यावे, कारण आपल्या हवेत बरेचसे पाणी घामावाटे जाते. एखाद्या रविवारी घरी राहून चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजावी. ती दोन ते अडीच लिटर भरायला हवी. लिंबातले सायट्रेट खड्याच्या स्फटिकांना आळा घालते, म्हणून लिंबूपाणी प्यावे, पण साखर आणि मीठ बेताचे घालावे. पडून गेलेला खडा जपून ठेवला असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी. युरिक आम्लाच्या खड्याचे पथ्य वेगळे असते.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे मुलांना जुलाब होतातच. शेजारणी म्हणतात, जुलाबात पाणी देऊ नका, जेवढे द्याल तेवढे बाहेर पडते. मग मीठ-साखरेचे पाणी तरी आत कसे राहते?
— दोन मुलांची आई, दिवा

उत्तर : शेजारणींच्या निरीक्षणात तथ्य आहे, निष्कर्ष मात्र जीवघेणा आहे. जुलाबात आतडे पाणी शोषून घेण्याऐवजी सोडू लागते, त्यामुळे नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही. परंतु आतड्याच्या पेशींवर असे एक द्वार आहे, की जेथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. कॉलऱ्यातही हे द्वार शाबूत राहते. जलसंजीवनीचा, म्हणजे आपण विचारलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याचा, सारा आधार तो आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील, छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितले. त्या छावणीतील मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, तेव्हा बहुतेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले, याची खंत वाटते.

जलसंजीवनीच्या आजच्या प्रमाणित पाकिटात लिटरभर पाण्यासाठी २०.५ ग्रॅम मिश्रण असते: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. जोडीचे प्रमाण बिघडले, की परिणामही बिघडतो, म्हणून पूर्ण पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच घालावे. अर्धे पाकीट पेल्यात, असे करू नये. नावात साधर्म्य असलेली गोड पेये औषधाच्या दुकानातही मिळतात. त्यांत साखर फार असल्यामुळे जुलाब वाढू शकतात, तेव्हा पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्यावे. पाकीट नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. सोबत जस्ताची (झिंकची) मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस द्यावी आणि अन्न बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वाट पाहू नये.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात महापालिकेचे पाणी येते, पण उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. विक्रेता म्हणतो, आरओ यंत्राशिवाय पर्याय नाही. मोठी बहीण नवी मुंबईत राहते, ती नुसते गाळून पिते. कोण बरोबर?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपापल्या पाण्यापुरते विक्रेता आणि बहीण दोघेही बरोबर असू शकतात. आरओचे मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढण्याचे आहे. नवी मुंबईला मुख्यतः धावरी नदीवरील मोरबे धरणाचे पाणी मिळते, आणि ठाण्याला भातसा व उल्हास या नद्यांचे. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी मुळातच मृदू असते. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या घटकांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि धरणाचे पाणी सहसा त्याच्या बरेच खाली असते. त्यातून क्षार काढून घेण्याने प्रकृतीला काही लाभ नाही. उलट पेलाभर शुद्ध पाण्यामागे त्याहून अधिक पाणी मोरीत जाते, आणि तेही टँकर मागवणाऱ्या संकुलात. टँकरचे पाणी कूपनलिकेचे असेल, विशेषतः खाडीजवळच्या, तर गोष्ट वेगळी. ते खारट असू शकते, आणि तेव्हा आरओचा उपयोग होतो. म्हणून यंत्र घेण्याआधी नळाच्या आणि टँकरच्या पाण्याचा टीडीएस स्वतंत्रपणे मोजावा.

पावसाळ्यातली कावीळ, विषमज्वर आणि जुलाब मात्र क्षारांमुळे होत नाहीत, जंतूंमुळे होतात. धरणातून शुद्ध होऊन निघालेले पाणी बहुधा शेवटच्या टप्प्यात, गळक्या वाहिनीत किंवा आपल्याच इमारतीच्या तळटाकीत, बिघडते. त्यावर उकळणे हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. गाळून घेतल्याने गढूळपणा जातो, विषाणू जात नाहीत, हे आपल्या बहिणींनाही कळवावे. अतिनील किरणांचे यंत्र स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठी चांगले आहे; गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. संकुलाच्या कार्यालयात तळटाकी आणि गच्चीवरील टाकी शेवटची केव्हा धुतली, याची नोंद मागावी. ती सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर पावसाळ्यापूर्वी टाक्या धुऊन घ्याव्यात, तळटाकीजवळून मलवाहिनी जात नाही ना, हे नळकारागिराकडून पाहून घ्यावे, आणि घरातल्या नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरते आहे का, याची चाचणी करावी. चाचणीचे साधे संच बाजारात मिळतात, आणि टँकर रिकामा झाल्यानंतर तासाभराने ती पुन्हा करावी.